शाळेचा समारंभ आणि पालकांचा कॅमेरा

डिसेंबर महिना उजाडला, की ब्रिटनमधील प्राथमिक शाळांत नाताळच्या नाटकाची तयारी सुरू होते. येशूच्या जन्माची कथा लहान मुले रंगमंचावर सादर करतात. कोणी मेंढपाळ होतो, कोणी देवदूत, तर कोणी ताऱ्याचा माग काढीत पूर्वेकडून आलेला ज्ञानी पुरुष. ज्याला संवाद पाठ होत नाहीत त्याच्या वाट्याला मेंढी किंवा गाढव होणे येते. घरातील पुसणे डोक्याला गुंडाळले, की मेंढपाळाचा वेष पुरा होतो. शाळेच्या सभागृहात आई-वडील आणि आजी-आजोबा दाटीवाटीने बसलेले असतात. भारतातील शाळांच्या स्नेहसंमेलनात जे कौतुकाचे वातावरण असते, तेच येथेही असते.

पडदा वर जाण्यापूर्वी मुख्याध्यापिका पुढे येतात आणि नम्रपणे सांगतात, की कार्यक्रम चालू असताना कोणीही छायाचित्रे घेऊ नयेत, चित्रफीतही काढू नये. कायद्यामुळे शाळेला तशी परवानगी देता येत नाही. हातात सज्ज असलेले कॅमेरे खिशात जातात. कोणी नाराज होतो, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून ब्रिटनमधील अनेक शाळांत हा प्रसंग घडत आला आहे. नाटकाप्रमाणेच क्रीडादिनी, बक्षीस समारंभात आणि पोहण्याच्या शर्यतीतही असे निर्बंध घालण्यात आले.

वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटतो. एका वर्षी मेंढपाळाचे छायाचित्र निघाले नाही, तर काय बिघडते? परंतु थोडे खोलात गेले, की त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आढळतात. पहिली, आपल्या मुलाचे बालपण जपून ठेवण्याची पालकांची स्वाभाविक इच्छा. दुसरी, काही मुलांची सुरक्षितता; ही काही प्रसंगी अक्षरशः जीवनमरणाची बाब असते. तिसरी, स्वतःच्या प्रतिमेवर खुद्द मुलाचा असलेला अधिकार. या तिन्हींचा मेळ कसा घालावा, याचे उत्तर शोधताना पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवले गेले आहे. कायद्याने जी मनाई केलेली नाही ती केली आहे असे समजले गेले, आणि ज्या गोष्टीकडे लक्ष देणे अगत्याचे होते तिच्याकडे मात्र दुर्लक्ष झाले.

जुनी भीती, नवी साधने

कॅमेऱ्याविषयी समाजाला वाटणारी धास्ती आजची नाही. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक हा हातात धरता येणारा कॅमेरा बाजारात आणला. तोपर्यंत छायाचित्र काढवून घेण्यासाठी छायाचित्रकाराच्या दालनात जाऊन बराच वेळ निश्चल बसावे लागे. त्यामुळे ज्याचे चित्र निघत आहे त्याला ते माहीत असे आणि बहुधा त्याची संमतीही असे. हातातल्या कॅमेऱ्याने ही अट नाहीशी केली. रस्त्यावर, समुद्रकिनारी किंवा बागेत कोणीही कोणाचेही चित्र त्याच्या नकळत घेऊ लागला. १८९० साली सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकन विधिज्ञांनी हार्वर्ड लॉ रिव्ह्यू या नियतकालिकात खाजगीपणाच्या हक्काविषयी लेख लिहिला. त्या हक्काच्या विवेचनाचा तो पाया मानला जातो. तत्काळ छायाचित्रे आणि वृत्तपत्रे यांनी घरगुती जीवनावर केलेले आक्रमण हेच त्या लेखाचे एक निमित्त होते.

जर्मनीत एका वेगळ्या घटनेने हाच प्रश्न पुढे आणला. १८९८ साली माजी पंतप्रधान बिस्मार्क यांचे निधन झाले, तेव्हा दोन छायाचित्रकारांनी त्यांच्या मृत्युशय्येच्या खोलीत शिरून चोरून छायाचित्र घेतले. त्यावरून उठलेल्या वादळानंतर १९०७ साली जो कायदा झाला, त्यात एक तत्त्व नमूद करण्यात आले: एखाद्या व्यक्तीचे चित्र तिच्या संमतीखेरीज प्रसृत करू नये. या कायद्याने बोट ठेवले ते चित्र काढण्यावर नव्हे, तर ते पसरवण्यावर. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

विसाव्या शतकात कॅमेरा घरोघरी पोहोचला. १९०० साली एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा निघाला आणि मुलांचे वाढदिवस, सहली, शाळेचे समारंभ हेच कौटुंबिक छायाचित्रणाचे मुख्य विषय बनले. फिल्मवर निघालेल्या या चित्रांच्या मोजक्या प्रती होत. त्या घरातल्या अल्बममध्ये चिकटवल्या जात आणि पाहुण्यांना दाखवल्या जात. त्यांचा प्रवास बहुधा तेथेच संपे. शाळेच्या नाटकात दुसऱ्या कोणाचे मूल चौकटीत आले, तरी त्यामुळे कोणाचे काही बिघडत नसे.

अंकीय कॅमेरा, कॅमेरा असलेला मोबाइल दूरध्वनी आणि समाजमाध्यमे या तीन साधनांनी ही परिस्थिती थोड्याच वर्षांत पालटली. फेसबुक २००४ साली आणि यूट्यूब २००५ साली सुरू झाले. आता आईने नाटकात घेतलेले चित्र घरी पोहोचण्यापूर्वीच शेकडो लोकांच्या हाती जाऊ शकते. त्याच्या प्रती काढण्यास काही खर्च येत नाही, आणि एकदा गेलेली प्रत परत बोलावता येत नाही. चित्राच्या संचिकेत ते केव्हा व कोठे घेतले याची नोंदही असू शकते. कॅमेऱ्यामागची माता तीच राहिली. तिच्या हातातल्या साधनाचे स्वरूप मात्र बदलले.

कायदा काय सांगतो

ब्रिटनमधील शाळा ज्या कायद्याचा हवाला देत असत, तो माहिती-संरक्षणाचा कायदा होय. त्या देशात असा पहिला अधिनियम १९८४ साली झाला. संगणकात साठवलेल्या व्यक्तिविषयक माहितीचा दुरुपयोग होऊ नये, हा त्याचा हेतू होता. त्यानंतरचा अधिनियम १९९८ साली संमत झाला आणि मार्च २००० पासून अमलात आला. २०१८ साली युरोपीय संघाच्या नव्या नियमावलीबरोबर तोही बदलला आणि आज ब्रिटनमध्ये त्याच धर्तीची व्यवस्था चालू आहे. या कायद्यांच्या कर्त्यांसमोर बँका, विमा कंपन्या, रुग्णालये आणि सरकारी खाती होती. परंतु कॅमेरा अंकीय झाला आणि छायाचित्र हीच एक संगणकीय संचिका बनली. ज्यावरून एखादी व्यक्ती ओळखता येते ती व्यक्तिविषयक माहिती, अशी कायद्याची व्याख्या असल्याने ओळखू येणाऱ्या चेहऱ्याचे चित्रही तिच्या कक्षेत येऊ शकते. शाळांच्या मनातील शंकेचा उगम येथे आहे.

तथापि या कायद्यांत एक स्पष्ट अपवाद आहे. व्यक्तीने केवळ आपल्या वैयक्तिक, कौटुंबिक किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीस ते लागू होत नाहीत. १९९८ च्या अधिनियमाच्या छत्तिसाव्या कलमात हा अपवाद होता; सध्याच्या व्यवस्थेतही तो कायम आहे. कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या ब्रिटिश माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने शाळांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत तो उदाहरणे देऊन समजावला आहे. क्रीडादिनी आपल्या मुलाचे व त्याच्या मित्रांचे चित्र पालकाने घरच्या अल्बमसाठी घेतले, तर ते वैयक्तिक उपयोगाचे होय. कायदा त्यास लागू होत नाही. आजी-आजोबांनी नाताळच्या नाटकाची चित्रफीत स्वतःसाठी घेतली, तरी तोच न्याय.

मग हा कायदा कोणास लागू होतो? तो लागू होतो शाळेला. ओळखपत्रासाठी शाळेने विद्यार्थ्यांची छायाचित्रे घेऊन ती नावानिशी संगणकात साठवली, तर ती कायद्याच्या कक्षेत येतात. शाळेच्या माहितीपत्रकात छापण्यासाठी विज्ञानाच्या तासाला मुलांचे चित्र घेतले, तर तसे ते घेतले जात असल्याची कल्पना मुलांना व पालकांना असली पाहिजे. बक्षीस समारंभास स्थानिक वृत्तपत्राचा छायाचित्रकार येणार असेल, तर तेही पालकांना आधी कळले पाहिजे.

म्हणजे लोकसमजुतीत वस्तुस्थिती नेमकी उलटी झाली होती. कायद्याचा रोख संस्थेकडे होता, व्यक्तीकडे नव्हता. काही शाळा पालकांना कॅमेरा बंद ठेवण्यास सांगत आणि त्याच समारंभाची शाळेने काढलेली चित्रे आपल्या संकेतस्थळावर सर्व जगासाठी प्रसिद्ध करीत. यांपैकी कायद्याची बंधने दुसऱ्या कृतीवर होती, पहिलीवर नव्हती. माहिती-संरक्षण कायद्याच्या भीतीने पालकांनी कौटुंबिक छायाचित्रे घेण्याचे थांबवू नये, असे माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला सांगावे लागले ते याचमुळे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कायदा मनाई करीत नाही, याचा अर्थ शाळेला मनाई करताच येत नाही असा नव्हे. शाळेचे आवार म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे. तेथे येणाऱ्या पाहुण्यांनी कोणत्या अटी पाळाव्यात हे ठरवण्याचा अधिकार शाळेच्या व्यवस्थापनास आहे. म्हणून एखाद्या शाळेने कॅमेऱ्यांना बंदी घातली, तर तो तिचा स्वतःचा निर्णय असतो. त्याचे समर्थनही तिने स्वतःच्या कारणांनी केले पाहिजे. कायद्याच्या आड उभे राहिले, की कारणे सांगण्याची गरज उरत नाही आणि ती तपासण्याची संधीही नाहीशी होते.

बंदीमागील कारणे

अशा बंदीमागे सामान्यतः चार-पाच कारणे असतात. त्यांचे वजन मात्र सारखे नाही.

काही कारणे सोयीची आहेत. पुढच्या रांगेतील पालक उभे राहून चित्रफीत घेऊ लागले, की मागच्यांना रंगमंच दिसत नाही. झगझगीत प्रकाशाने लहान मुले बावरतात, संवाद विसरतात आणि नाटक सोडून आईच्या कॅमेऱ्याकडे पाहू लागतात. काही ठिकाणी स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. शाळा जी तयार संगीतिका सादर करते तिच्या प्रयोगाचा परवाना प्रकाशकाकडून घ्यावा लागतो, आणि पुष्कळदा त्या परवान्यात चित्रमुद्रणास मनाई असते किंवा त्यासाठी वेगळी परवानगी लागते. ही कारणे रास्त आहेत, परंतु त्यांचा मुलांच्या सुरक्षिततेशी संबंध नाही.

दुसरे कारण विकृत मनोवृत्तीच्या लोकांचे. मुलांची अश्लील छायाचित्रे काढणे व प्रसृत करणे यावर इंग्लंड व वेल्समध्ये १९७८ च्या अधिनियमाने शिक्षा ठरवली आहे. परंतु मेंढपाळाच्या वेषातील मुलाचे चित्र त्या व्याख्येत बसत नाही. सभागृहातील एखादा प्रेक्षक अशा चित्राचा दुरुपयोग करील, ही भीती २००२ नंतर विशेष वाढली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंब्रिजशर परगण्यातील सोहॅम या गावी दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली आणि गुन्हेगार एका शाळेचा रखवालदार निघाला. साऱ्या देशाला हादरा बसला. चौकशी समितीचा अहवाल २००४ साली आला, आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पूर्वपीठिका तपासण्यासाठी २००६ साली नवा कायदा झाला. या घटनेचा छायाचित्रांशी काहीही संबंध नव्हता. परंतु तिने जे वातावरण निर्माण केले त्यात प्रत्येक शाळा अधिक सावध झाली, आणि कॅमेरा धरलेला प्रत्येक अनोळखी माणूस संशयास्पद वाटू लागला. मुलांवरील अत्याचार बहुतांशी त्यांच्या ओळखीच्या व विश्वासातल्या व्यक्तींकडून होतात, हे बालसंरक्षणाच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. शाळेच्या सभागृहातील कॅमेरे बंद केल्याने तो धोका कमी होत नाही.

तिसरे कारण संख्येने लहान असले, तरी सर्वांत गंभीर आहे. प्रत्येक मोठ्या शाळेत एखाद-दुसरे मूल असे असू शकते, की ते कोठे आहे हे एका विशिष्ट व्यक्तीला कळता कामा नये. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळून आलेल्या स्त्रीने गाव बदललेले असते, कधीकधी आडनावही बदललेले असते. काही मुले न्यायालयाच्या आदेशाने जन्मदात्या कुटुंबापासून दूर करून दत्तक दिलेली असतात, आणि ते कुटुंब त्यांचा शोध घेत असते. ब्रिटनमधील बहुतेक शाळांचा गणवेश ठरलेला असतो आणि त्यावर शाळेचे चिन्ह असते. अशा मुलाचा चेहरा आणि शाळेचे चिन्ह एकाच चित्रात दिसले, तर पत्ता देण्यासाठी आणखी कशाची जरुरी नसते. चित्र घेणाऱ्या पालकास यातले काहीच ठाऊक नसते. तो आपल्या मुलीचे कौतुक म्हणून चित्र पसरवतो, आणि मागच्या रांगेत उभे असलेले दुसरे मूल त्यासोबत जगापुढे जाते.

शिवाय ज्या मुलाच्या बाबतीत हा धोका आहे, त्याचे नाव शाळेला उघड करता येत नाही. ते केले तर जे लपवायचे तेच प्रकट होईल. म्हणून काही मुख्याध्यापक सरसकट बंदीचा मार्ग पत्करतात आणि खरे कारण न सांगता कायद्याकडे बोट दाखवतात. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. परंतु या उदाहरणाकडे बारकाईने पाहिले, तर धोका चित्र घेतल्याने निर्माण झालेला नाही, ते पसरवल्याने निर्माण झाला आहे, हे दिसून येईल.

घेणे आणि पसरवणे

न्यायालयांनीही आपला कल हळूहळू याच भेदाकडे दर्शवला आहे. स्वीडनमधील एका चर्चच्या कार्यकर्तीने आपल्या सहकाऱ्यांविषयी काही मजकूर इंटरनेटवर ठेवला होता. त्यात एकीच्या पायाला दुखापत झाल्याचाही उल्लेख होता. हेतू निर्मळ असला, तरी युरोपीय न्यायालयाने २००३ साली निर्णय दिला, की जो मजकूर अगणित लोकांना पाहता येतो तो खाजगी व कौटुंबिक व्यवहार म्हणता येणार नाही. घरगुती अपवादाची सीमा या निर्णयाने आखली गेली. अल्बम तिच्या आत राहतो. सर्वांसाठी खुले असलेले पान तिच्या बाहेर पडते.

२०२० साली नेदरलँड्समधील एका न्यायालयापुढे आलेले प्रकरण अधिक घरगुती होते. एका आजीने नातवंडांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर ठेवली होती. मुलांच्या आईने ती काढण्यास सांगूनही आजीने ती काढली नाहीत. न्यायालयाने चित्रे काढून टाकण्याचा आदेश दिला आणि तो न पाळल्यास दररोज ५० युरो, कमाल १,००० युरोपर्यंत, भरावे लागतील असे ठरवले. ही चित्रे तिऱ्हाईतांच्या हाती जाण्याचा संभव नाकारता येत नाही, असे कारण देण्यात आले. आजीने नातवंडांचे चित्र घेऊ नये, असे कोणीही म्हटले नव्हते.

मुलाचा स्वतःचा अधिकारही याच काळात मान्य होत गेला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खाजगी जीवनास संरक्षण दिले आहे. २००४ साली एडिंबरोच्या रस्त्यावर लेखिका जे. के. रोलिंग यांच्या तान्ह्या मुलाचे चित्र लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतले गेले व पुढे ते प्रसिद्ध झाले. त्या प्रकरणी इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००८ साली म्हटले, की प्रसिद्ध व्यक्तीचे मूल झाले तरी त्याला स्वतःच्या खाजगीपणाची वाजवी अपेक्षा असू शकते. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार मुलाच्या प्रतिमेचे रक्षण करणे हे दोन्ही पालकांचे संयुक्त कर्तव्य आहे, आणि मुलाचे वय व समज पाहून त्यालाही त्या निर्णयात सहभागी करून घ्यावयाचे आहे. मूल म्हणजे पालकांची मालमत्ता नव्हे, हा विचार या सर्वांच्या मुळाशी आहे.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला आणखी एक अंग फुटले आहे. २०२३ साली स्पेनमधील आल्मेंद्रालेखो या गावी शाळकरी मुलांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आपल्याच परिसरातील मुलींची बनावट नग्न चित्रे तयार केली. मूळ चित्रे समाजमाध्यमांवरील साधी, नित्याची चित्रे होती. पुढील वर्षी बालन्यायालयाने पंधरा मुलांना एक वर्षाच्या देखरेखीखाली ठेवण्याचा आदेश दिला. निरागस चित्राचा दुरुपयोग होऊ शकत नाही, असे पूर्वी म्हणता येत असे. आता तसे म्हणता येणार नाही. तरीही या प्रकरणाचा बोध तोच राहतो. कच्चा माल मिळाला तो उघड्यावर ठेवलेल्या चित्रांतून. घरच्या अल्बमातून नव्हे.

अर्थात घेणे आणि पसरवणे यांमधील सीमारेषा नेहमीच ठळक नसते. वर्गातील तीस पालकांचा मोबाइलवरील गट वरकरणी खाजगी वाटतो. परंतु त्यातील प्रत्येकाच्या दूरध्वनीतून ते चित्र पुढे जाऊ शकते, आणि मग पहिल्या पाठवणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. अशा ठिकाणी कायद्यापेक्षा परस्परांविषयीचा विवेकच अधिक उपयोगी पडतो.

भारतीय कायद्यातील साम्य

भारतीय वाचकास ही चर्चा परकी वाटण्याचे कारण नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाच्या तेविसाव्या कलमानुसार पीडित बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे. ओळख उघड करणाऱ्या गोष्टींमध्ये तेथे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा आणि शेजार यांचा एकत्र उल्लेख आहे. शाळा आणि छायाचित्र यांची सांगड म्हणजे मुलाचा पत्ताच, हे तत्त्व येथील विधिमंडळानेही जाणले आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली संमत झालेल्या माहिती-संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. याही अधिनियमात व्यक्तीचा वैयक्तिक किंवा घरगुती उपयोग वगळण्यात आला आहे. तेव्हा ब्रिटनमध्ये जो गैरसमज झाला तो येथे होऊ नये म्हणून तेथील अनुभव आधीच पाहून ठेवणे इष्ट ठरेल.

नियम कसा असावा

सरसकट बंदीची एक किंमत आहे आणि ती मुलांनाच मोजावी लागते. ब्रिटनमध्ये दत्तक जाणाऱ्या मुलांसाठी जीवनकथेचे पुस्तक तयार करण्याची पद्धत आहे. मूल कोठे जन्मले, कोणाकडे वाढले, कोणत्या शाळेत गेले, हे छायाचित्रांच्या साहाय्याने त्यात मांडलेले असते. ज्याच्याजवळ बालपणाचे चित्र नाही त्याला आपण कोण होतो हेच सांगता येत नाही, हा बालकल्याणाच्या क्षेत्रातील अनुभव त्यामागे आहे. अल्बम ही केवळ पालकांची हौस नव्हे. मोठे झालेल्या मुलाच्या दृष्टीने तो एक दस्तऐवज असतो.

ज्या शाळांनी बंदी आणि मोकळीक या दोन टोकांमध्ये मार्ग काढला, त्यांची पद्धत साधी आहे. वर्षाच्या आरंभीच पालकांना लेखी विचारले जाते, की शाळेच्या माहितीपत्रकात किंवा संकेतस्थळावर मुलाचे चित्र आले तर चालेल काय. कोणत्या मुलांबाबत अधिक सावधगिरी हवी याची नोंद शिक्षकांपुरती ठेवली जाते. शाळेच्या प्रकाशनांसाठी ब्रिटनमध्ये एक सुटसुटीत सूत्र रूढ आहे: नाव छापावयाचे असेल तर चित्र नको, चित्र छापावयाचे असेल तर नाव नको. कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेऱ्यास पूर्ण मज्जाव असतो आणि पोहण्याच्या स्पर्धांत अधिक कडक नियम लावले जातात. समारंभाच्या आरंभी मुख्याध्यापक सांगतात, की चित्रे स्वतःसाठी घ्यावीत. ज्या चित्रात दुसऱ्यांची मुले आहेत ते त्यांच्या पालकांना विचारल्याखेरीज कोठेही प्रसिद्ध करू नये. असे का, याचे कारणही ते कोणाचे नाव न घेता सांगतात. कारण समजले, की बहुसंख्य पालक नियम पाळतात. कारण न सांगता घातलेली बंदी मात्र मागच्या रांगेत बसून चोरून मोडली जाते.

नाटक चालू असताना कॅमेरे बंद ठेवावेत आणि नंतर छायाचित्रांसाठी वेगळा वेळ द्यावा, ही तजवीज पुष्कळ ठिकाणी सोयीची ठरली आहे. पडदा पडल्यावर मुले वेष न उतरवता थांबतात. एकेका कुटुंबाला रंगमंचाजवळ बोलावले जाते आणि चौकटीत फक्त आपले मूल घेऊन प्रत्येकाने चित्र काढावे, अशी विनंती केली जाते. मुलाने नको म्हटले, तर त्याच्या नकाराचाही मान राखला जातो.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ ज्याच्यासाठी बंदी घातली जाते त्याच मुलाला होतो. दूरच्या गावाहून पळून आलेली आईही त्या रांगेत उभी असते. सरसकट बंदी असती, तर इतरांच्या कॅमेऱ्यांपासून तिच्या मुलीचे रक्षण झाले असते. परंतु देवदूताच्या पांढऱ्या झग्यातले मुलीचे चित्र तिलाही मिळाले नसते. येथे ती आपली पाळी येताच पुढे होते, मुलीला भिंतीपाशी उभी करते, चित्र घेते आणि ते आपल्यापाशी ठेवते.